दुसऱ्या मशीनवरची नोंद

१

दारव्ह्यातल्या त्या हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. ट्रस्टचं आहे, साठ खाटांचं, आणि आजही चांगलं चालतं. मी यवतमाळला राहतो. तीन-चार हॉस्पिटलं आणि एका कॉलेजच्या कॉम्प्युटरचं काम बघतो. दर बुधवारी सव्वाआठची एस.टी. पकडून दारव्ह्याला जायचं, दिवसभर तिथलं काम उरकायचं आणि पाचच्या गाडीनं परतायचं, असा चार वर्षांचा नेम होता.

मागच्या उन्हाळ्यात तिथला सर्व्हर साडेतीन तास बंद पडला. सगळ्या रुग्णांच्या नोंदी, रक्तगट, जुने रिपोर्ट त्या एकाच मशीनवर होते. नेमकं तेव्हाच एका बाळंतिणीला रक्त द्यायचं होतं आणि तिचं काहीच उघडेना. धावपळ करून, पुन्हा तपासणी करून ती वाचली. पण डॉक्टरांनी ट्रस्टला सांगून टाकलं की आता दुसरी मशीन पाहिजेच.

ती जानेवारीत आली. खोका मी स्वतः फोडला. आतलं सील शाबूत होतं, डिस्क कोऱ्या होत्या.

"दोन मशीन कायले लागतात, मले एका वाक्यात सांगा," व्यवस्थापक गोपालभाऊ म्हणाले.

"पहिलीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर उतरतं. पहिली पडली की वीस सेकंदांत दुसरी पुढे येते. काउंटरवरच्या माणसाला कळतही नाही."

"आणि दुसरीवर कोणी वेगळं काही लिहिलं तर?"

"लिहिताच येत नाही. पहिली सांगेल तेवढंच ती ठेवते."

सर्व्हरची खोली तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला होती. खिडकी नाही. भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या फरश्या, एका कोपऱ्यात नळ नसलेलं बेसिन. शेजारी मुलांच्या लसीकरणाची खोली. बुधवार लसीचा दिवस असल्यामुळे माझं सगळं काम भिंतीपलीकडच्या रडण्याच्या साथीनं चालायचं. एक मूल रडलं की बाकीची सूर धरायची, आणि मध्येच एखादी आई हसायची. त्याची सवय झाली होती.

खोलीची चावी नोंदणी काउंटरवर उज्ज्वलाताईंकडे असायची. उज्ज्वला राठोड, वय तिशीच्या पुढे, दिग्रस रोडवरच्या तांड्यातून रोज जीपनं यायच्या. जीप त्यांच्या नवऱ्याचीच, प्रेमसिंगची. हात झपाट्यानं चालायचा, रांग कधी तुंबू दिली नाही, आणि बोलायच्या कामापुरतं. त्या दिवशी चावी देताना त्यांनी एवढंच विचारलं, "आता दोन झाल्या म्हंजे काहीच हरवणार नाई ना, भाऊ?"

"नाही हरवणार," मी म्हणालो.

२

पहिल्या मशीनची पूर्ण नक्कल दुसरीवर चढवायला दोन तास लागले. मग मी नेहमीची तपासणी केली. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून जुळवायचे, बाकी त्यात काही नसतं. रुग्ण सारखे. तपासण्या सारख्या. औषधं सारखी. कर्मचाऱ्यांची खाती: पहिलीवर बेचाळीस, दुसरीवर एकेचाळीस.

माझे वडील बळीराम मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरी भुताखेताचं नावही निघत नसे. काही बिघडलं की ते म्हणायचे, आधी तार पाह्य. तेव्हा मी आधी तार पाहिली. नक्कल अर्धवट चढली असणार, असं धरून दुसरी मशीन पुसली आणि सगळं पुन्हा केलं. चहा प्यायला बाहेर गेलो.

हॉस्पिटलच्या आवारात चिंचेखाली तुळसाबाईंची चहाची टपरी आहे. साठीच्या बाई, सगळ्यांशी बोलणाऱ्या. त्यांनी न मागता आल्याचा चहा दिला आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "आज काही जमून नाई राह्यलं वाट्टे."

"एकाचा फरक येतोय."

"एकाचाच ना. मंग होईन."

परत आलो तेव्हा नक्कल पूर्ण झाली होती. बेचाळीस आणि एकेचाळीस.

दुसरीवर नसलेलं खातं कुणाचं, ते मी शोधलं. उज्ज्वला राठोड, नोंदणी विभाग.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. एखाद्या खात्यात चुकीचं अक्षर असतं आणि ते नकलेत गळतं. मी पहिलीवर त्यांचं खातं उघडून नव्यानं जतन केलं. बदल दुसरीकडे गेला आणि दुसरीनं तो घेतल्याची पावतीही दिली. आकडा एकेचाळीसच राहिला.

खोलीत दोन्ही मशीनचे पंखे चालू होते. पहिलीवर सगळ्या हॉस्पिटलचा भार, म्हणून तिचा आवाज मोठा असायला हवा होता. मी दोन्हींच्या मागे हात धरून पाहिला. दुसरीतून येणारी हवा जास्त गरम होती.

३

पुढच्या बुधवारी मी एकेक नोंद ताडून पाहणारा प्रोग्राम घेऊन गेलो. चौसष्ट हजार रुग्ण. अकराला लावला, बारा वाजता यादी आली. यादीत दोनच क्रमांक होते.

पहिला क्रमांक तुळसाबाईंचा. पहिल्या मशीनवर: ९ मार्च २०२१, छातीत कळ, अतिदक्षता विभागात दाखल, आठव्या दिवशी घरी. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी, शेवटची मागच्याच आठवड्यात. दुसऱ्या मशीनवर तीच तारीख होती आणि पुढे एकच शब्द: मयत. त्याखाली काही नाही.

मी उठून व्हरांड्याच्या तोंडापर्यंत गेलो. तुळसाबाई स्टोव्हला पंप मारत होत्या. परत आलो.

दुसरा क्रमांक एका बाळाचा. आमच्याकडे जन्मलेल्या बाळाला नाव नसतं, म्हणून आईच्या नावानं नोंद करतात. 'बेबी ऑफ उज्ज्वला प्रेमसिंग राठोड.' जन्म ऑगस्ट २०१८, मुलगी, वजन एक किलो सातशे. पहिल्या मशीनवर दोन दिवसांच्या नोंदी होत्या आणि मग 'मयत' लिहून नोंद बंद.

मला हे माहीत नव्हतं. चार वर्षं चावी घेत होतो त्यांच्याकडून.

दुसऱ्या मशीनवर ती नोंद चालू होती. दीड महिन्याची लस. गोवराची लस. दीड वर्षाची असताना जुलाब, दोन दिवस दाखल. वजन आठ किलो, दहा, बारा सातशे. पाचव्या वर्षीचा डोस. प्रत्येक नोंदीला तारीख होती, वेळ होती, डॉक्टरांची सही होती, आमच्याच डॉक्टरांची. शेवटची नोंद त्याच सकाळची होती, दहा पन्नासची. कान दुखतो. वजन सतरा किलो दोनशे. आणि नावाच्या रकान्यात 'बेबी ऑफ' काढून कुणीतरी नाव लिहिलं होतं. पायल.

कुणीतरी खोडसाळपणा केला असेल, हा पहिला विचार. पण दुसऱ्या मशीनवर लिहिता येत नाही आणि खोलीत मीच होतो. जुन्या डिस्कवरचा कचरा असेल, हा दुसरा. पण डिस्क मी स्वतः कोऱ्या पाहिल्या होत्या. तिसरा विचार मी केला नाही. भिंतीपलीकडे एक मूल रडायचं थांबलं आणि कुणीतरी त्याला शाबास म्हणालं. मी स्क्रीन बंद केली.

४

गोपालभाऊंना मी सांगितलं की तीन नोंदी जुळत नाहीत, आणि दुसरी त्या कुठून वाचते हे कळायला तिला थोडा वेळ पुढे आणून पाहावं लागेल.

"धोका काही?"

"साडेबाराला नोंदणी थांबते. तेव्हा दहा मिनिटं घेतो. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा."

त्या दुपारी बारा बत्तीसला मी पहिलीला मागे घेतलं. वीस सेकंद दोन्ही पंख्यांचा आवाज सारखा झाला. मग दुसरी पुढे आली. सगळं व्यवस्थित होतं. वॉर्डातले स्क्रीन चालू, प्रयोगशाळा चालू. मी वहीत वेळ लिहिली.

तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. रडण्याचा नाही. बोलण्याइतपत मोठी मुलगी, कुरकुरत होती. "याडी," ती म्हणाली, "कान." बंजारा घरांत आईला याडी म्हणतात. उत्तरादाखल एका बाईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

मी दार उघडलं. लसीच्या खोलीबाहेरच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून, एक बाई बसली होती. पिवळी ओढणी. तिच्या खांद्यावर मुलीचं डोकं, दोन वेण्या, आणि डाव्या कानावर दाबून धरलेला हात. मुलगी मोठी होती, पाय लोंबत होते, तरी आईनं तिला मांडीवर घेतलं होतं. व्हरांडा लांब आहे, आणि भर दुपारी पलीकडच्या दारातून उजेड डोळ्यांत येतो. मी एवढंच पाहिलं.

का कुणास ठाऊक, मी त्यांच्याकडे गेलो नाही. उलट्या बाजूनं काउंटरकडे गेलो. उज्ज्वलाताईंच्या खुर्चीच्या पाठीवर एक पुरुषी स्वेटर लटकत होता. खुर्ची रिकामी. जेवायला गेल्या असतील, मी मनाला सांगितलं. काउंटरच्या खिडकीतून चिंच दिसते. चिंच होती. खाली टपरी नव्हती. काढून नेल्याची खूणही नव्हती; तिथं दोन मोटारसायकली उभ्या होत्या आणि जमिनीवर चिंचेचा पाला पडला होता, पुष्कळ दिवस झाडला नसावा असा.

मी पळत खोलीत आलो. बाक पाहिला नाही. बारा त्रेचाळीसला पहिलीला पुढे आणलं. वीस सेकंद मोजले, मोठ्यानं मोजले.

बाहेर आलो तर बाक रिकामा होता. काउंटरवर उज्ज्वलाताई डबा सोडत होत्या. बाहेर स्टोव्हचा फरफर आवाज येत होता.

"झालं का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही इथंच होत्या?"

"मंग कुठं जाईन?" त्यांनी पाठीवर हात दाबला. "डोळा लागला वाट्टे बसल्या बसल्या. कंबर अशी भरून आली, जसं कोणाले कडेवर घेऊन फिरून राह्यली होती."

गोपालभाऊंना विचारलं, त्या अकरा मिनिटांत काउंटरवर कोण होतं. "उज्ज्वलाच ना, दुसरं कोण बसते तिथं?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

५

उज्ज्वलाताईंना सांगावं की नाही, यावर मी एक आठवडा घालवला. सांगू नये असंच वाटत होतं. मशीन पुसली की प्रश्न मिटला. पण पुसणार होतो ते काय, हे मला माहीत होतं, आणि ते माझं नव्हतं.

बुधवारी दीड वाजता मी त्यांना खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वर जाऊन वाचलं. एकेका वजनाशी बोट थांबत होतं.

"वजन वाढलं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांच्या मानानं कमीच आहे, पण वाढलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "जुलाब झाले तेव्हा दोनच दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं."

"हो."

"हे नाव मी कोणाले सांगितलं नव्हतं. तिच्या बापालेबी नाई. दवाखान्यातच मनात धरलं होतं, घरी गेल्यावर सांगीन म्हणून." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, कामापुरता. "तुम्ही तिले पाह्यलं?"

"पाठमोरी. दोन वेण्या होत्या."

"केस दाट होते. जल्मली तेव्हाच दाट होते."

पंखे चालू होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी आठवडाभर धास्ती घेतली होती.

"हे दुसरीच मशीन कायमची पुढं ठेवली तर?"

"मला माहीत नाही, ताई. खरंच नाही माहीत."

"बाकी काय वेगळं आहे तिच्यात?"

"तुमचं खातं नाही. म्हणजे तिकडं तुम्ही इथं नोकरीला नाही."

"कशी राहीन? पोरगी गेली तेव्हा घरात बसवत नव्हतं, म्हणून इथं लागली. ते असती तर कायले येती मी इथं?" एवढं बोलताना त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणखी?"

मी तुळसाबाईंची नोंद उघडली.

ती वाचायला त्यांना वेळ लागला नाही. तारीख पाहिली आणि त्या खुर्चीत बसल्या.

"त्या दिवशी ते लाईनीत होती," त्या म्हणाल्या. "मायासमोर दहा-बारा माणसं. मले काचेतून दिसली. घाम आला होता, आणि लोकायले सांगून राह्यली होती की पित्त झालं. मी उठली, तिचा हात धरला आणि सरळ डॉक्टरकडे नेली. लोकं ओरडले मायावर, नंबर तोडला म्हणून. मी खुर्चीवर नसती तर ते लाईनीतच उभी राह्यली असती."

बाहेरून तुळसाबाईंचा आवाज येत होता. कुणाला तरी साखर कमी घाल म्हणून रागवत होत्या, बहुतेक रुग्णाच्या नातेवाइकाला, कारण त्यांच्याकडे लोक हातानं साखर घेत.

"तिच्याकडे दोन नाती आहेत," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "लेक वारली तिची. त्या दोघी तिच्याच भरवशावर आहेत."

मी म्हणालो, "ताई, हा सगळा मशीनमधला गडबडगुंडा असू शकतो. खरं काही नसेलही."

"तुम्ही पाह्यलं ना पण."

"पाहिलं."

"मंग कायले असं बोलता?"

शेजारच्या खोलीत लस संपली होती. नर्स ट्रे धूत होती, त्याचा खळखळाट ऐकू येत होता. उज्ज्वलाताईंनी ओढणीनं तोंड पुसलं, डोळे नाही, सगळं तोंड, उन्हातून आल्यावर पुसतात तसं.

"पुसा ते," त्या म्हणाल्या. "पण मले एक करू द्या आधी. पहिल्या मशीनवर तिचं नाव लिहून द्या."

६

बंद झालेली नोंद उघडायची तर वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी लागते. मी ती घेतली नाही. माझ्या स्वतःच्या नावानं उघडली, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मीच उत्तर द्यावं. त्यांना कीबोर्ड दिला. दिवसाला दोनशे नावं टाकणारी बाई, पण तेव्हा त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं. 'बेबी ऑफ उज्ज्वला' खोडलं. पायल प्रेमसिंग राठोड. खालचा 'मयत' त्यांनी तसाच ठेवला. जतन केलं आणि उठल्या.

"मी प्रेमसिंगले सांगतो आज," त्या दारात म्हणाल्या. "नाव तरी त्याले माहीत पाहिजे."

मी दुसऱ्या मशीनच्या डिस्क काढल्या, नव्या घातल्या, आणि तिसऱ्यांदा नक्कल चढवली. दोन तास मी त्या खोलीतून हललो नाही. आकडे आले. बेचाळीस आणि बेचाळीस. चौसष्ट हजार नोंदी ताडल्या, एकही फरक नाही. तुळसाबाईंच्या तपासण्या दोन्हीकडे सारख्या. पायलची नोंद दोन्हीकडे बंद.

पुढच्या पाच बुधवारी मी पहिलं काम ताडून पाहण्याचं केलं. फरक आला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी मी गोपालभाऊंना सांगितलं की यंत्रणा तयार आहे. ट्रस्टच्या लोकांनी दोन्ही मशीनना हार घातला आणि फोटो काढला. फोटोत मी कडेला आहे, उज्ज्वलाताई नाहीत. त्यांच्यापुढे रांग होती.

मी स्वतःला पटवलं होतं. डिस्क खराब होत्या. बाकावर कुणीतरी बंजारा बाई होती, तिच्या मुलीचा कान दुखत होता, त्यात नवल काय. टपरीच्या जागी मोटारसायकली पाहिल्या तेव्हा मी घाबरलेलो होतो. घाबरलेल्या माणसाला काय नीट दिसतं?

फक्त एक. खोलीत गेलं की मी अजून दोन्हींच्या मागे हात धरून पाहायचो.

७

जूनच्या शेवटच्या बुधवारी मी दारव्ह्याला गेलो नव्हतो. यवतमाळला कॉलेजात प्रवेशाचं काम होतं. अकरा बेचाळीसला मोबाइलवर संदेश आला: पहिली मशीन बंद, दुसरी पुढे आली. वीज कमी-जास्त झाली की असं होतं. त्यासाठीच तर ती लावली होती. दोन मिनिटांत पहिली पुन्हा सुरू झाल्याचंही कळलं. पण ती आपोआप पुढे येत नाही. दोन्ही जुळल्या आहेत ना, हे पाहून मीच तिला आणायचं असतं. मी लॅपटॉप उघडला, आदेश लिहिला, आणि एंटर दाबण्याआधी काउंटरला फोन लावला. उज्ज्वलाताई कामाला लागलेल्या असतात, अर्धं मिनिट थांबा म्हणून सांगायचं असतं.

"नोंदणी," एका पुरुषाचा आवाज आला.

"उज्ज्वलाताईंना द्या."

"कोण उज्ज्वला?"

"तुम्ही कोण बोलताय?"

"अमरसिंग. काउंटरवर मीच राह्यतो. तुमाले कोण पाह्यजे?"

मी उभा राहिलो. कॉलेजच्या त्या खोलीत आणखी दोघं होते, ते माझ्याकडे पाहू लागले. मी फोन आणि लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात गेलो.

"बाहेर तुळसाबाई आहे का? चहावाली?"

"ते तर वारली, भाऊ. चार वर्षं झाले. इथंच लाईनीत गेली ते. तुम्ही कोण?"

लॅपटॉप कठड्यावर ठेवला. आदेश तसाच लिहिलेला होता. एक बोट पुरे होतं. दोन नाती, मी स्वतःला म्हणालो, आत्ता या मिनिटाला कुठं असतील त्या दोघी. आणि तरी माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"लसीच्या खोलीबाहेर पायल राठोड नावाची मुलगी असेल. तिच्या आईला फोन द्या."

"आहे ना. शाळेसाठी लसीचं कार्ड भरायले आली. थांबा."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज. पावलं. दुरून एका मुलीचा आवाज, काहीतरी मोजत होती, सात, आठ, नऊ, बहुधा फरशीवर उड्या मारत. मग कुणीतरी फोन उचलला. श्वास लागलेला, आणि हसण्याच्या मधोमध.

"हॅलो. कोण?"

त्याच होत्या. आवाज तोच, पण त्यातून काहीतरी ओझं उतरलेलं. चार वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, आणि हसणं त्यांना इतकं शोभतं हेही मला माहीत नव्हतं.

"मी... हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरचं काम बघतो," मी म्हणालो. "मुलीची नोंद तपासत होतो. बरी आहे ना ती?"

"बरी आहे ना. पहिलीत टाकली यंदा. एका जागी बसत नाई." मग मुलीला, "अवं पडशीन, हळू." मग पुन्हा मला, "काही चुकलं का नोंदीत, साहेब?"

"नाही. सगळं बरोबर आहे."

"मंग झालं तर."

त्या फोन ठेवणार होत्या. मला अजून काहीतरी विचारायचं होतं, ती कशी दिसते, असलं काहीतरी. पण पलीकडे अकरा, बारा चाललं होतं, आणि दारव्ह्यात कुठंतरी दोन मुलींना आजी नव्हती. या बाईनंच मला खोलीत बसून सांगितलं होतं काय करायचं ते. मी एंटर दाबलं.

वीस सेकंद लागतात. ते वीस सेकंद त्या बोलत होत्या. पावसाचं, जीपचं, शाळेच्या बाईंचं काहीतरी. मला त्यातला एकही शब्द नीट आठवत नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग शब्द थांबले. फोन तुटला नव्हता. पलीकडचे उड्यांचे आवाज गेले होते. कुणीतरी श्वास घेत होतं, सावकाश.

"अश्वजितभाऊ?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. "बोला ना. कायले फोन केला?"

"मशीन बंद पडली होती. आता सुरू झाली."

"किती वेळ?"

"नऊ मिनिटं."

रांगेतली कुजबुज ऐकू येत होती, आणि बाहेर कुणीतरी कपबशा विसळत होतं.

"पुढं कोण होती?" त्यांनी विचारलं. "दुसरी?"

"हो."

"कशी होती?"

"मला फक्त ऐकू आली. आकडे म्हणत उड्या मारत होती. शाळेत जाते. तुमच्याशी बोललो मी, ताई. तुम्ही हसत होत्या."

त्यांनी फोन ठेवला नाही. तो काउंटरवर नुसता टेकवला असावा, कारण पुढचं मला दुरून ऐकू आलं. कुणीतरी म्हातारा केसपेपर मागत होता, आणि त्या त्याला गाव विचारत होत्या, मग वय, मग काय होते बाबा तुमाले, आणि मग प्रिंटर चालू झाला.